नानांची रेल्वे

आईचा व्हिजिट व्हिजा मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा बायकोनं शिरा केला, मुलीनं “दादी कॅन टेक माय बेड” असं जाहीर केलं, आणि मी मात्र काळजीत पडलो. कारण फोनवर आईनं विमान कधीचं ते विचारलं नाही, थंडी किती आहे तेही विचारलं नाही. ती म्हणाली, “मना बाकी काय बी बघायचं नाय. तेवढी रेल्वे दाखव.”

कुवेतमध्ये रेल्वे नाही. होणार, होणार असं मी इथं आल्यापासून ऐकतोय, नकाशेही बघितलेत, पण गाडी सोडाच, वाट बघायला एक बाकडंसुद्धा अजून कुणी टाकलेलं नाही. आणि आईचे वडील, म्हणजे माझे नाना, कुवेतच्या रेल्वेत नोकरीला होते. आमच्या घरात हे असंच सांगितलं जात आलंय.

नाना दोन वेळा बोटीनं इकडे आले. दुसऱ्या वेळी खोकला घेऊन परतले आणि आई नऊ वर्षांची असताना गेले. त्या काळी आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रेल्वे कुणी पाहिलीच नव्हती; ती आमच्याकडे आली माझ्या तरुणपणी. त्यामुळे ‘पोरीचा बापूस रेल्वेत होता’ हे वाक्य वजनदार ठरलं आणि आईचं लग्न जमवताना तिच्या मामांनी ते सढळ हातानं वापरलं. पण माझ्या बाबांचं घर खलाशांचं. त्यांचे एक चुलते कुवेतला जाऊन आलेले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भर जेवणात त्यांनी सांगून टाकलं, की तिथं कुठली आलीय रेल्वे? झालं. माझ्या फुफीच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीच्या, हाती आयतं कोलीत मिळालं. कालवणात मीठ जास्त पडलं तरी “रेल्वेवाल्याची पोर ती!” आणि कुणाची वस्तू सापडेनाशी झाली तरी “बघा, रेल्वेनं गेली असंल!” आई कधी उलटून बोलायची नाही. एकदाच, मी सातवीत असताना, भाकरी तव्यावर तशीच ठेवून ती म्हणाली, “माझा बापूस खोटा नव्हता.” फुफी नुसती हसली. त्या दिवशीची ती करपलेली भाकरी आईनं स्वतः खाल्ली.

मी कुवेतला येऊन बावीस वर्षं झाली. खैतानमध्ये राहतो, घरोघरचे पाण्याचे पंप आणि एसी दुरुस्त करतो. निघतानाच आईनं सांगितलं होतं, तेवढी चौकशी कर. पहिल्या वर्षी मी म्हणालो, नवीन आहे, कुणाला ओळखत नाही. मग म्हणालो, तिकडं वाळवंटात जायला परवानगी लागते. मग माझ्याकडे गाडी नव्हती, मग गाडी होती तर वेळ नव्हता, मग साथ आली आणि सगळंच बंद झालं. खरं कारण एकच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाना थाप मारून गेले याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. परदेशातला गरीब माणूस गावी काय सांगतो, हे मी रोज बघतो. इथं गोणी उचलणारा गावात सुपरवायझर असतो. मी स्वतः गावात मेंटेनन्स इंजिनियर आहे.

आई आली. विमानतळावर व्हीलचेअरला नको म्हणाली आणि चालत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तिला बनेद अल-गारला समुद्रावर फिरवलं. “समुद्र काय मी बघितला नाय?” तिसऱ्या दिवशी मॉल दाखवला, तिथल्या सरकत्या जिन्यावर ती मजेत चढली-उतरली, आणि वर येऊन म्हणाली, “रेल्वे शुक्रवारी बघूया का? तुना सुट्टी असंल.” मी “बघू” म्हणालो. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आई सत्त्याहत्तर वर्षांची. तिला मी काय दाखवणार होतो? मोकळं वाळवंट दाखवून म्हणणार होतो का, की फुफीचंच बरोबर होतं?

रुमैथियात एक म्हातारे कुवेती आहेत. त्यांना मी हाजी म्हणतो. त्यांच्या गच्चीवरचा पंप वर्षातून दोनदा बिघडतो आणि तो मीच सुधारतो. त्यांचे वडील आधी गलबतावर होते, मुंबईला यायचे-जायचे, त्यामुळे हाजींना जुनी, मोडकी, पण झकास मुंबई हिंदी येते. त्या बुधवारी पंप खोलता खोलता, नाही म्हणतील याची तयारी ठेवून, मी विचारलं, “हाजी, इधर कभी रेल था?”

“था ना,” हाजी म्हणाले. मी पाना खाली ठेवला. “मेरा बाप उधर चौकीदार था. अभी भी थोडा है. फ्रायडे को आ, मैं दिखाता.”

आनंद व्हायला हवा होता. झाली ती धास्ती. हाजींना मागच्या महिन्यात पंप दुरुस्त झाला की नाही तेही आठवत नव्हतं, त्यांच्या आठवणीवर भरवसा किती ठेवायचा? म्हणून त्या शुक्रवारी आईला घेऊन गेलोच नाही. एका गिऱ्हाईकाचं अर्जंट काम आहे अशी थाप मारली आणि सकाळी एकटाच हाजींबरोबर निघालो.

शहर संपलं, विजेच्या मनोऱ्यांची रांग सुरू झाली, थंडीत लोक हौसेनं लावतात ते तंबू मागे पडले. मग नुसता माळ. पाऊस पडून गेला होता म्हणून मातीवर हिरवी बुरशी आल्यासारखं गवत दिसत होतं. हाजींनी डांबरी रस्ता सोडायला सांगितला तेव्हा मी गाडीचा वेग एकदम कमी केला. गाडी वाळूत रुतली तर? पोलिसांनी विचारलं तर बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवता येईल, पण इथं काय करतोस याला उत्तर काय? हाजी मात्र खिडकीबाहेर हात काढून दिशा दाखवत होते, आणि दिशा दर पाच मिनिटांनी बदलत होती.

शेवटी वस्ती आली. वस्ती म्हणजे छप्पर नसलेल्या नऊ खोल्यांची एक ओळ, पाण्याच्या टाकीचा चौथरा आणि एक पडकी चुन्याची भट्टी. एका खोलीत कुणीतरी बकऱ्या बांधायचा, लेंड्या ताज्या होत्या. आणि भट्टीपासून टेकाडाकडे, वाळूत अर्धे गाडलेले, दोन रूळ. हातभर अंतर असेल दोघांमध्ये, फार तर दीड हात. मी खाली बसलो आणि बोटांनी वाळू उकरली. गंज हाताला लागला. रूळच होते.

हाजी चौथऱ्यावर बसून सांगू लागले. कुण्या व्यापाऱ्याची भट्टी होती. शहरात घरं उठत होती, त्यांना चुना लागायचा. टेकाडातून दगड काढायचा आणि भट्टीपर्यंत आणायचा. कुठल्याशा बंदरावरचे जुने रूळ विकत आणून इथं टाकले, त्यावर लोखंडी डबे. कामाला सगळे हिंदी, म्हणजे आपले लोक, आणि थोडे इराणी. नऊ खोल्यांत साठ-सत्तर माणसं झोपायची. पाणी दोन दिवसांनी गाढवांवरून यायचं. हाजी तेव्हा लहान होते, पाणी आणणाऱ्या गाढवांबरोबर बापाचा शिधा घेऊन यायचे आणि रिकाम्या डब्यात बसून उतारावरून घसरत जायचे. “हिंदी लोग उसको रेल बोलता था. हम भी रेल बोलता था. फिर लॉरी आया, खलास.”

“इंजिन?” मी विचारलं.

हाजी हसले. “कैसा इंजिन? आदमी. चार आदमी एक डब्बा को धक्का मारता. कंधा लगाके.”

मी तिथंच वाळूत बसून राहिलो. नाना खोटं बोलले नव्हते, आणि तरी माझी चिंता मिटली नव्हती, उलट दुप्पट झाली. आईच्या मनात जन्मभर वेगळंच चित्र असणार. टोपी, शिट्टी, हिरवा बावटा. तिला मी हे दाखवायचं? चुन्याच्या धुरात डबे ढकलणारा बाप? त्या खोकल्याचं कारणही मला तिथल्या तिथं कळलं, आणि तेही तिला कळणार होतं. फुफी असती तर म्हणाली असती, रेल्वे कसली, हमाली म्हणा. परत येताना मी हाजींना नानांचं सगळं सांगितलं आणि गळ घातली. पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन येतो, तिला रूळ दाखवा, रेल होती एवढंच सांगा, ढकलायचं नका सांगू.

“क्यों?” हाजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. “चोरी किया क्या तेरा नाना?”

तरी ते हो म्हणाले. तो आठवडा मी कसा काढला माझं मला ठाऊक. एका घरी एसीचा गॅस भरायला गेलो आणि गॅसची टाकीच घरी विसरून आलो. बायको म्हणाली, “सांगून टाका ना आईंना, त्या काय लहान आहेत?” तिच्यावर मी उगीच ओरडलो. चोराच्या मनात चांदणं, आई साधं “जेवलास का?” म्हणाली तरी मला वाटायचं, हिला कळलंय.

शुक्रवारी आई ठेवणीतली साडी नेसून तयार होती. हाजी पुढं बसले, ती मागे. वाटेत पोलिसांची तपासणी लागली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आईचा पासपोर्ट मी कपाटातच ठेवलाय. माझा बताका त्या पोलिसानं उलटासुलटा करून बघितला. हाजींनी काच खाली करून अरबीत दोन वाक्यं टाकली, पोलीस हसला आणि आम्हाला सोडलं. मी मात्र पुढची दहा मिनिटं आरशातून मागेच बघत राहिलो. आई मागून म्हणाली, “एवढा कशाला घाबरतोस रे?”

वस्तीपाशी तिला हात धरून उतरवलं. रूळ दिसताच तिनं माझा हात सोडला. चप्पल काढली. रुळाच्या कडेनं ती चालत भट्टीपर्यंत गेली, तिथून वळली, परत आली. मग चौथऱ्यावर हाजींच्या शेजारी, मध्ये माणसाभराचं अंतर ठेवून बसली आणि तिच्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, “मेरा बाप इधर क्या करता था?”

हाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको, नको. म्हाताऱ्यानं एक क्षण विचार केला आणि सरळ तिच्याकडे तोंड केलं. “बहन, धक्का मारता था. कंधा से. बहुत मेहनत का काम था.”

मी घाईघाईनं मध्ये पडलो. “म्हणजे आई, तसं नाही, तेव्हा सगळेच…”

“मना ठाव हाय,” आई म्हणाली.

तिनं स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

“बापूस मना उजव्या खांद्यावर घ्यायचा नाय. तिथं घट्टा व्हता, हा एवढा. मी इचारलं तवा बोलला, रेल्वे ढकलतो मी. मी त्याला कधी सायेब समजलीच नाय. सायेब मामांनी केला त्याला, लग्नापायी.” तिनं रुळांकडं बोट केलं. “मना एवढंच बघायचं व्हतं. बापूस खोटा नव्हता.”

हाजींना शब्द कळले नसतील, पण ते मान डोलावत होते. माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. इतका हलका झालो की खिशातून फोन काढला आणि म्हणालो, “आई, थांब, रुळांचा फोटो काढू. गावाला पाठवू. सगळ्यांना कळू दे.”

“कुणाला?” आई म्हणाली. “फुफी मेली. तिचा काका मेला. तुझे बाबा गेले. जे जे हसले ते सगळे गेले.”

मी फोन परत खिशात ठेवला. तिनं चप्पल पायात सरकवली, पदर सारखा केला, आणि मग माझ्याकडं न बघता विचारलं, “किती लांब हाय हे तुझ्या घरून?”

“तासभर,” मी म्हणालो.

“तासभर.” तिनं मान हलवली. “बावीस वरसं तू हितं हायस. तुना पण खोटाच वाटत व्हता ना माझा बापूस?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. परवानगी, गाडी, साथ, सगळी कारणं जिभेवर तयार होती. पण समोर रूळ होते. मी हो म्हणालो.

आई उठली. मी हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. गाडीपर्यंत एकटी चालत गेली, दार उघडून आत बसली, आणि मी दार लावायला वाकलो तेव्हा म्हणाली, “फुफीवर मी उगीच जलमभर राग धरला. ती तर परकीच व्हती.”