मिलिंदच्या खोलीतल्या टाळ्या

मिलिंद गेल्याचा फोन अक्काने केला, सकाळी साडेनऊला. "भाऊ, मिलिंद उठत न्हाई," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. जामखेडात आमच्या घरांमध्ये चार गल्ल्यांचं अंतर; मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेलेसुद्धा होते. त्याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाला सगळे त्याच्याबद्दल भरभरून बोलले. मी गप्प बसलो, कारण मला त्याचा राग आला होता. अजूनही आहे.

आम्ही टेलिफोन खात्यात बरोबरीने लागलो. सुरुवातीला त्याची बदली मुंबईला झाली आणि तिथे फुटपाथवर त्याला जॅझची एक जुनी तबकडी मिळाली. कुठल्याशा परदेशी क्लबात, समोर माणसं बसलेली असताना वाजवलेली. झालं, वेड लागलं. पुढे आईला अर्धांगवायू झाला म्हणून तो बदली मागून परत आला, तो ट्रंकभर तबकड्या घेऊनच. अक्काही नवऱ्यामागे माहेरी आलेली. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत आई आणि अक्का, दुसऱ्या खोलीत मिलिंद आणि त्याचं जॅझ. तबकड्यांना धूळ नको म्हणून खिडकी बारा महिने बंद. उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे शिक्षा होती, पण मी आपला बसायचो.

स्टुडिओतलं त्याला चालायचं नाही. मैफलीतलंच हवं, आणि तेही पहिल्या छपाईचं. कुरियरने तबकडी आली की तो आधी ती वाजवायचा नाही. अंगणात उन्हाला धरून, मधल्या कागदाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला नंबर भिंगातून वाचायचा आणि वहीशी ताडून बघायचा. एकदा मी मोठ्या हौसेने पुण्याहून त्याच्यासाठी कोरी करकरीत तबकडी आणली. साहेबांनी नंबर बघितला आणि ती परत पिशवीत घालून माझ्या हातात दिली. म्हणे, ही नंतर काढलेली आहे, हिच्यात त्या क्लबाची खोली पातळ झालीय. आता खोली कशी पातळ होते, कुणास ठाऊक! आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

खरं सांगायचं तर त्याला वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणारी माणसं हवी असायची. ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं, मग टाळ्या... टाळ्या सुरू झाल्या की पलीकडच्या खोलीतून आई विचारायची, "पाव्हणं आलं का रं?" तो म्हणायचा, "व्हय आई. बसल्यात." कितीतरी वर्षं हे चाललं. पाहुणा म्हणून त्या घरात मी एकटाच जायचो.

आई गेल्यावर मला वाटलं, आता हा सुटला. निवृत्त झालेला, अंगावर जबाबदारी नाही. पुण्यात जॅझची एक मैफल होती. माझ्या मुलीकडून मी दोन तिकिटं काढून घेतली आणि त्याच्या मागेच लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाळ्या ऐकल्यास, एकदा स्वतः वाजव की लेका! इस्त्रीचा शर्ट घालून आला बिचारा. एसटीत खिडकीजवळ बसला. नगरच्या स्टँडवर चहाला म्हणून उतरला आणि परत वर चढेना. कंडक्टरने दोनदा बेल मारली. मी दारातून त्याचा हात धरून ओढत होतो.

"तू जा गड्या," तो म्हणाला. "तिथं पुढं काय वाजवतील, ते मला म्हाईत नसणार."

मला इतका संताप आला, की मी तसाच पुढे गेलो. मैफलभर शेजारची खुर्ची रिकामी. काय ऐकलं, देवाशपथ आठवत नाही. परत आल्यावर त्याने मैफलीचं विचारलंही नाही; शेजारची खुर्ची रिकामी राहिली, एवढंच मी त्याला ऐकवलं. संध्याकाळी सहाला त्याच्याकडे गेलो, तर आमचं रोजचं तासभर तबकड्या ऐकणं सुरू झालं. त्याला त्या खोलीतून बाहेर काढायचं, हा माझा हट्ट त्या दिवशी संपला. पुढची पाच वर्षं तो नगरच्याही पलीकडे गेला नाही. गेला तोही त्याच खोलीत.

परवा तबकड्यांचं काय करायचं ते ठरवायला गेलो. संध्याकाळची वेळ. अक्का स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जमिनीवर बसून खलबत्त्यात शेंगदाण्याचा कूट करत होती. खलबत्त्याखाली चौपदरी गोधडी घातलेली, आवाज होऊ नये म्हणून. ओट्यावर मिक्सर होता. मी म्हटलं, अक्का, आता लावा की मिक्सर. तर म्हणाली, सहा ते सात लावायचा नसतो, हातालाच सवय झालीय. मग हात न थांबवता, कुठल्या तबकडीत दुसऱ्या बाजूला एक माणूस खोकतो आणि कुठल्या तबकडीत एक बाई मधेच हसते, ते सांगत बसली. सगळं भिंतीपलीकडून पाठ झालेलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी तिला कधी आत बोलावलं नव्हतं. दार लोटून घ्यायचो, तेही मीच.

तिने कूट डब्यात काढला, बत्ता पुसून ठेवला.

"त्या पुण्याला खुर्ची रिकामीच ऱ्हायली म्हनं," ती म्हणाली. "मला इचारलं आस्तं तर मी आले आस्ते, भाऊ. मी घरीच हुते."