आधी भिजवा, मग आणा

डॉ. सुमती गायकर यांची आणि माझी पहिली भेट एका मॉनिटरमुळे झाली. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या त्यांच्या छोट्या रुग्णालयात तो बसवण्यासाठी कंपनीने मला पाठवले होते. मी बायोमेडिकल इंजिनिअर, नोकरीला नुकतीच लागलेली. तापमानाचा सेन्सर मी रुग्णाच्या काखेत लावला. पडद्यावर आकडा आला.

"हा आकडा कशाचा?" मॅडमनी विचारले.

"काखेचा."

"मला काखेवर उपचार करायचे नाहीत. याचा मेंदू किती तापलाय?"

"ते या सेन्सरला कळणार नाही."

"मग ते आधी सांगायचं ना, बाई."

त्यांनी शरीराच्या आतले तापमान मोजणारा सेन्सर मागवून घेतला. काही महिन्यांनी रुग्णालयाच्या नोकरीत मलाही मागवून घेतले.

मॅडम मूळच्या जांभूळ गावच्या, शेतकरी घरातल्या. त्यांचे सारे आयुष्य मात्र कॅम्पातल्या गल्ल्यांत गेले. सिंधी शेजारी त्यांना 'दादी' म्हणतात. सिंधीत ती थोरली बहीण. ताप आणि मेंदू हा त्यांचा ध्यास होता, आणि त्याला कारण या गल्ल्याच होत्या. पत्र्याखाली चालणारे जीन्सचे कारखाने, त्यात वाफेच्या इस्त्र्या आणि वर मे महिना.

मॅडम आम्हाला जे शिकवत ते थोडक्यात असे. मेंदू आकाराच्या मानाने फार उष्णता तयार करतो आणि ती वाहून नेण्याचे काम रक्त करते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. रक्ताकडून आणि त्वचेकडून खबर घेऊन तो ठरवतो, की घाम सोडायचा की अंगात कापरे भरवायचे. जंतुसंसर्गाच्या तापात हा भाग स्वतःच शरीराची ठरलेली पातळी वर नेतो. तापाची गोळी ती खाली आणते. उष्माघातात पातळी जागेवरच असते, शरीर ती राखण्यात हरलेले असते. तिथे गोळीचा उपयोग नाही. तिथे पाणी आणि वारा लागतो, आणि तोही ताबडतोब.

एका दुपारी कारखानदार लछमण शेठ त्यांच्या इस्त्रीवाल्या कामगाराला रिक्षातून घेऊन आले. कामगार बेशुद्ध होता, त्याला झटके येत होते.

"दादी, सब किया," शेठ धापा टाकत म्हणाले. "पंखा लगाया, बुखार की गोली मुँह में डाली."

"बेहोश आदमी के मुँह में कुछ नहीं डालते. और इसको बुखार है ही नहीं."

"क्या बात करते हो! हाथ लगाओ, तवा है तवा!"

मॅडमचे हात एव्हाना त्याचे कपडे कापत होते. आम्ही पाणी ओतत होतो, पंखे फिरवत होतो. "तुम्हारे यहाँ पैंट धोने का हौद है ना? भरा हुआ?"

"हाँ, पूरा भरा."

"फिर ये सूखा कैसे आया?"

शेठ गोंधळले. "दादी, वो तो नीला पानी है. कपड़े खराब हो जाते ना इसके."

कामगार वाचला, पण त्याच्या लहान मेंदूतल्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागातल्या पेशी गेल्या होत्या. त्याला पुन्हा सरळ चालता आले नाही. गावी परतताना तो मॅडमच्या पाया पडायला वाकला आणि कलंडला. लोक या प्रसंगाचा उल्लेख मॅडमचे यश म्हणून करतात. मॅडमनी तो तसा कधी केला नाही.

त्यानंतर त्या कारखान्याकारखान्यांत जाऊन एकच वाक्य सांगू लागल्या: आधी भिजवा, मग आणा. शेठ लोक हसत. "दादी धोबीघाट खोलेगी," असेही म्हणून झाले. पण पुढच्या उन्हाळ्यात पहिला निळा रुग्ण आला. हौदातल्या पाण्याने नखशिखांत भिजवलेला, ओठांपर्यंत निळा, पण बोलत असलेला. रुग्णालयाच्या चादरी त्या वर्षापासून कधी पांढऱ्या झाल्या नाहीत. नवीन नर्सने डाग काढायला घेतले, की मॅडम तिला थांबवत.

वैयक्तिक ऋणाबद्दल मी थोडेच लिहिते. माझ्या वडिलांना अंबरनाथच्या घरी पक्षाघात झाला आणि त्यांना मॅडमकडेच दाखल केले. पुढे त्यांना ताप चढला. आत्याने घरून गोधडी आणून त्यांना गुंडाळले. आमच्याकडे घाम काढून ताप उतरवण्याची रीत आहे. मॅडमनी स्वतः गोधडी दूर केली.

"आत्याबाई, जखम मेंदूला झालीय. तुम्ही त्या जखमेला शेकताय."

"भावाला हुडहुडी भरलीय, मी नुसती बघत बसू?"

"बसू नका. हे फडकं घ्या, ओलं करून कपाळ पुसा. तुमच्या हाताला काम पाहिजे ना?"

आत्या शेवटपर्यंत ते काम करत होती. ताप उतरला, वडील राहिले नाहीत. मॅडमनी माझे सांत्वन केले नाही. माझ्या शेजारी बसून राहिल्या. मला तेवढेच सोसण्यासारखे होते.

गेल्या वर्षी मॅडमच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वाचल्या. इजा झाली ती नेमकी त्या बदामाएवढ्या भागाला. आता त्यांचे शरीर आपले तापमान राखत नाही. खोली तापली की त्या तापतात, आणि आपण तापलो आहोत हे त्यांना कळत नाही. घाम येत नाही. हे सुधारण्याची आशा डॉक्टरांनी दिलेली नाही. चिखलोलीच्या घरी त्यांची भाचेसून आणि मी पाळीपाळीने त्यांच्याजवळ असतो. वीज गेली की आम्ही चादरी भिजवतो. मॅडम बोलतात कमी, आणि रुग्णालयातली मराठी मागे पडून जांभूळची बोली तेवढी उरली आहे; 'मला' म्हणायचे तर 'मना' म्हणतात.

ज्यासाठी हा गौरवग्रंथ निघतो आहे तो मॅडमच्या पंचाहत्तरीचा सत्कार मे महिन्यात आहे, कारण त्यांचा वाढदिवस मे महिन्यात असतो. प्रत्येक संस्था आपापली शाल आणणार, असे बैठकीत ठरले. मी उभी राहून विरोध केला. ज्यांना उष्णता बाहेर टाकता येत नाही त्यांच्या खांद्यावर एकावर एक शाली घालणे हा सत्कार नाही, अपाय आहे, असे मी म्हणाले. कोणाला ते रुचले नाही. लछमण शेठ तर दुखावलेच. "शाल नहीं तो सत्कार कैसा, बेटी?"

शेवटी आम्ही दोघे मॅडमनाच विचारायला गेलो. त्या खिडकीकडे पाहत होत्या. मी प्रश्न दोनदा विचारला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भिजवून घाला मना."

शेठ म्हणाले, "एक ही शाल लाऊँगा, दादी. सूती. अपने ही कारखाने की, नीली." आणि लगेच चाचरले, "पर रंग छूटेगा. आपकी साड़ी खराब हो जाएगी."

मॅडम हसल्या. आजारपणानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. "होऊ दे," त्या म्हणाल्या.

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना, म्हणजे मॅडमच्या साऱ्या गोतावळ्याला, विनंती आहे. समारंभाला आणखी शाली आणू नका. भाषणे आखूड ठेवा. आणि नंतरही चिखलोलीला येत जा. त्यांच्या कपाळाला हात लावा, खोली तापली असेल तर पडदा ओढा, चादर भिजवा. त्यांच्या मेंदूने सोडलेले काम आता बाहेरच्या माणसांनी वाटून घ्यायचे आहे. शंभर वर्षे जगा, असे त्यांना म्हणायला मी धजत नाही. नेमके न मोजलेले बोलणे त्यांना आवडत नाही. हा उन्हाळा त्यांना सोसवो, आणि त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा त्यांच्या उशाशी कोणीतरी ओला हात घेऊन बसलेले असो.