मुद्दाम केलेला उशीर

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा दादाचा धंदा आणि रॅली हे त्याचं व्यसन. शेजारी बसून वळणं वाचून दाखवायला धाकटी बहीण. या वेळी मात्र डॉक्टरने बजावलं होतं, पाठ गेलीय, ही रॅली शेवटची. एकदा तरी जिंकायचं, एवढंच राहिलं होतं. आणि पहिल्या दिवसाच्या शेवटी तो चक्क पहिला होता.

पहिला आला हीच तर पंचाईत. कच्च्या रस्त्यावर जो आघाडीवर, तोच दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी सुटणार. सुटी खडी त्याने उडवायची आणि साफ झालेल्या वाटेवरून मागच्यांनी सुसाट यायचं. मेहनत एकाची, मजा बाकीच्यांची! दादा यात कितीदा तरी पोळला होता; हा नियम बदला म्हणून दरवर्षी अधिकाऱ्यांकडे अर्जही करायचा.

"दादा, टाइम कंट्रोलच्या चौकीवर वेळ नोंदवायला जरा उशिरा जाऊ," बहीण म्हणाली. "थोड्या सेकंदांचा दंड बसेल, पाचवे होऊ. उद्या पुढचे चौघे आपल्यासाठी रस्ता साफ करतील. दंड काय, दुपारपर्यंत भरून काढशील तू."

"ही लबाडी झाली."

"सगळेच करतात. तूच एकटा साधुसंत राहिलायस."

चौकी समोर दिसत असताना गाडी उभी करून दोघं बसून राहिली. दादाला मान वर करवेना. मुद्दाम मागे राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

आता आघाडीवर आला एका बड्या कंपनीचा लाडका ड्रायव्हर. उद्या खडी उडवायची पाळी आपल्या माणसावर, म्हटल्यावर त्याच्या मॅनेजरने अधिकाऱ्यांचं डोकं खाल्लं. जेवणं व्हायच्या आत फळ्यावर नवा नियम लागला. पहिले पाच उलट्या क्रमाने सुटतील. म्हणजे पाचवा सर्वांत आधी.

दादा तडक अधिकाऱ्याच्या खोलीत शिरला. "मग माझा दंड तरी काढा!"

"उशीर तुम्हीच केलात ना?" अधिकारी हसला. "आणि दरवर्षी हाच नियम मागत होतात की तुम्ही! मिळाला तर आता तोंड वाकडं का?"

दादा पाय आपटत बाहेर आला. सकाळी खडी त्यानेच उडवली. पाचवा होता, तो पाचवाच राहिला.

घरी परतताना बहीण म्हणाली, "चुकलंच माझं."

नियमवाले चुकले, तू नाहीस, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मेल्याने म्हटलं नाही. पुढे जन्मभर कुणी त्या रॅलीचं विचारलं, की तो तिच्यादेखतच सांगायचा, "हिचं ऐकलं, दुसरं काय!" आणि ती निमूटपणे सगळ्यांना चहा देत राहायची.