दयाळाचं देवक

कल्याणला मुरबाडच्या एसटीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं माझी पिशवी चाचपून पाहिली. "जाळं दिसतंय. मासं पकडायला काय?"

"पक्षी पकडायला," मी छाती फुगवून म्हणालो.

"बरं," म्हणून त्यानं तिकीट फाडलं आणि पुढच्या सीटकडे वळला. माझ्या संशोधनावर इतका नेमका अभिप्राय आमच्या सरांनीही कधी दिला नव्हता.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. दयाळ या गाणाऱ्या पक्ष्याची मादी जोडीदार कसा निवडते, हे मला शोधायचं होतं. गाणं ऐकून, असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं असं, की रोगांशी लढणारी जनुकं ज्याची आपल्याहून वेगळी, तो नर ती पसंत करते. म्हणजे पिल्लांना दोन्हीकडची ताकद मिळते. त्यासाठी प्रत्येक पक्ष्याच्या रक्ताचा एक थेंब लागायचा. तोवर मी काढलेलं रक्त बहुतेक माझ्याच बोटांचं होतं.

मुरबाडहून धसईला जीप. मी, माझं जाळं आणि वांग्यांच्या करंड्या असे दाटीवाटीनं बसलो. उतरल्यावर पाहिलं तर जाळ्यात पहिली शिकार म्हणून तीन वांगी अडकली होती.

उतरायचं होतं बारकूदादांकडे. त्यांच्या घरामागच्या आंब्याच्या ढोलीत दयाळाचं घरटं होतं, त्यात चार पिल्लं. जेवायला तांदळाची भाकरी आणि जवला (सुकवलेली बारीक कोळंबी). जवल्यावर मी इतका तुटून पडलो, की दादांनी विचारलं, "पाखरं ऱ्हावू द्या, आधी तुमालाच कोन उपाशी ठेवतं?"

पहिल्या दिवशी जाळ्यात दादांची कोंबडी सापडली. दुसऱ्या दिवशी मी. तिसऱ्या सकाळी मात्र नर-मादी दोघं मिळाले. दादांची मुलगी सुगंधा मदतीला होती. मुरबाडला शिवणकाम शिकून आलेली, हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे पाखरं पन देवक बघतात," ती म्हणाली. (देवक म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह. एका देवकात लग्न होत नाही.)

मी हसलो. सरांना सांगायला चांगला विनोद मिळाला, म्हणून वहीत टिपूनही घेतलं. ती हसली नाही. टोकावड्याच्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. दोन्ही घरं राजी होती, पण दोघांचं देवक कळंबाच्या झाडाचं निघालं. एका देवकाची म्हणजे भाऊबहीण. दादांनी त्याच दिवशी बोलणी मोडली.

निघायच्या सकाळी सुगंधानं माझ्यासमोर बोट धरलं. "टोचा. त्याचं पन घेऊन येते मी. दोघांचं येगळं निघालं तर बाबा ऐकतील. माझं नाय ऐकत, तुमच्या कागदाचं ऐकतील."

"हे फक्त पक्ष्यांसाठी आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण अंगणात दादा कोयत्याला धार लावत होते, हेही तितकंच खरं होतं.

तिनं बोट मागे घेतलं. "मंग पाखरांचं तरी कळवा."

जीपमध्ये बसलो तेव्हा मला स्वतःची लाज वाटत होती.

पुण्याला परतल्यावर तपासणीचा निकाल यायला दिवाळी उजाडली. आंब्यावरच्या जोडीची ती जनुकं जवळजवळ सारखीच होती. माझा सिद्धांत आडवा झाला. सरांनी शांतपणे विषय बदलायला सांगितलं. मी सुगंधाला आंतरदेशीय पत्र पाठवलं: "दोघांचं सारखंच निघालं. तरी चारही पिल्लं धडधाकट होती. पण एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही."

शास्त्रज्ञ म्हणून मी प्रामाणिक राहिलो, याचं मला फार समाधान वाटलं.

माघात लग्नपत्रिका आली. वधू सुगंधा, वर टोकावड्याचा. सोबत वहीच्या पानावर तिच्या अक्षरात चार ओळी होत्या:

"तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. आठ दिवस ते आंब्याखाली बसून होते. शेवटचं वाक्य मी वाचलं नाही. आम्हाला एकच जोडी पाहिजे होती."