कुठच्या समुद्रातली?

"हा कुठच्या समुद्राबद्दल बोलतोय?" असं म्हणत माझी मैत्रीण माझ्या हातातला माऊस काढून घ्यायची. रत्नागिरीच्या स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या आम्ही दोघी तिथे एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसायचो.

त्या काळात आपण माहिती कशी निवडायचो, आठवतंय ना? शोधल्यावर जे पान पहिलं येईल ते उघडायचं. त्यावर रंगीत फोटो असले की ते खरं. मी अशाच एका पानावरून कालवांवरचा, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवरचा, सेमिनार लिहिला. कालवं उन्हाळ्यात अंडी घालतात, असं त्या पानावर होतं.

"कुठची कालवं पण? आपल्या भाट्याच्या खाडीतली, की बर्फाकडची?"

"कालवं ती कालवं गो!"

"असं कसं? उन्हाळा तरी सगळीकडे सारखा असतो काय?"

मी चिडले. तिने मात्र तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्या पानाच्या लेखकाला मेल टाकली. मला वाटलं, कोण उत्तर देतंय! पण उत्तर आलं. तो परदेशातला एक म्हातारा प्राध्यापक होता. "मी थंड समुद्रातली कालवं पाहिली आहेत, तुमची नाहीत," त्याने लिहिलं होतं. "तुम्हीच बघा आणि मला कळवा."

मी सेमिनार बदलला आणि मोकळी झाले. ती मात्र बघत राहिली. ओहोटी लागली की चिखलात उतरायची, कालवं आणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, दिसेल ते त्याला कळवायची. शेवटी त्याने तिला संशोधनासाठी तिकडेच बोलावलं.

मुंबईत नोकरीला असलेले तिचे वडील नाहीच म्हणत होते. गावाहून आई रत्नागिरीला आली. "जाऊ दे तिला. हितं ऱ्हाऊन तरी कुठं माझ्याजवळ असते?" फोनवर त्यांना म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

ती गेली. कॅफेतली अख्खी खुर्ची मला मिळाली. बसवत नसे.

पुढे कॅफेत वेबकॅम आला, तेव्हा मी तिच्या आईला घेऊन गेले. पडद्यावर ती दिसली. स्वेटर घातलेली, गोरी झालेली.

"जेवलीस काय गो?"

ती हसली, काहीतरी बोलणार, तेवढ्यात कनेक्शन अडकलं. चित्र तिथंच थांबलं. कॅफेवाला मशीन बंद करून चालू करायला आला.

आईने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे जरा. हसतेय पोर."