गुलाबरावांची रविवारची तपासणी
स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले गुलाबराव गजभिये दर रविवारी हातोडीने घराच्या भिंती ठोकत. आवाज पोकळ आला की गिलावा नापास! चेहरा असा, जणू जावई पसंत करतायत.

यंदा मात्र सगळ्याच भिंती पास होऊ लागल्या. गुलाबरावांना ऐकू कमी येत होतं, पण कबूल कोण करणार? स्वयंपाकघरातली भिंत पोकळ वाजते, हे बायकोला, कांताबाईंना, केव्हाच कळलं होतं.

“अवो, दुसरा हात भिंतीले लावून ठोका ना,” त्या म्हणाल्या.

“कावून?”

“मले शिकाचं हाय.”

शिकवता शिकवता तळहाताखाली गिलावा थरथरला. गुलाबराव हर्षाने ओरडले, “कांता, फेल! ही भिंत फेल हाय!”

“अगंबाई! मले त समजलंच नसतं,” कांताबाई म्हणाल्या.