बाईंना गायचं होतं

मी झाडीपट्टीतल्या नाटकांत पेटी वाजवणारा माणूस. धान घरात आलं की आमचा हंगाम जोरात येतो. आज नागभीडकडे, उद्या गोंडपिपरीकडे, डोळ्याला डोळा लागत नाही. अशा माणसाला नाताळात चर्चचा पियानो वाजवायला बसवावं, हे आमच्या गावातल्या बाईंनाच सुचू शकतं.

बाई म्हणजे इथल्या मिशन दवाखान्यातल्या जुन्या नर्स. निम्मं गाव त्यांच्या हातून जन्माला आलं, त्यात मीही. त्यामुळे त्यांनी बोलावल्यावर नाही म्हणायची सोय नसते. दवाखान्याच्या आवारातल्या लहानशा चर्चमध्ये चाळीस वर्षं पियानो त्याच वाजवत आल्या होत्या. बोटं अजून ठणठणीत होती.

"बाई, मंग मले काऊन बसवता?" मी विचारलं.

"मले गायचं हाये," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकाइकडे पाठ करून बसली मी. बोटं सांभाळू का गाणं म्हणू? एक नाताळ तरी बाकावर बसून सगळ्याइच्या संगं गाईन म्हणते. पुढच्या सालचं कोणाले माहीत?"

मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघून स्वतःचीच लाज वाटली, आणि मी हो म्हणून बसलो.

शिकवणी सुरू झाली. प्रयोगाहून सकाळी परतायचं, थोडं लवंडायचं आणि दुपारी बाईंसमोर हजर व्हायचं. उजव्या हाताला काही अडचण नव्हती, त्याला कुठलाही सूर द्या. घोडं अडलं डाव्या हाताशी. त्या बिचाऱ्याने जन्मभर पेटीचा भाताच हलवला होता. मी जरा गाण्यात रमलो की तो आपोआप भाता शोधत पुढे जायचा आणि पियानोच्या फळीवर आपटायचा. बाई पेन्सिलीने त्याच्यावर टक्कन मारायच्या.

"कामचोर हाये तुझा हा हात."

महिनाभरात त्या कामचोराने येशूजन्माच्या, गव्हाणीच्या गाण्यापुरती साथ शिकून घेतली, पण तीही फक्त पांढरी चारमध्ये, म्हणजे चौथी पांढरी पट्टी सा धरून. बाई ते गाणं पहिल्यापासून त्याच सुरात वाजवत आल्या होत्या. दुसऱ्या सुरात तो हात अगदी निरक्षर.

खरी फजिती झाली ती नाताळच्या आधीच्या रविवारी, सगळ्यांच्या तालमीत. नाटकात आमचा एकच धर्म: गाणारा पुढे, पेटी मागे. तो रेंगाळला तर आपण थांबायचं, त्याचा सूर उतरला तर आपणही गुपचूप उतरायचं आणि प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही. चर्चमध्ये सगळंच उलटं. तिथे पियानो पुढे असतो आणि लोक मागून येतात. मी त्यांची वाट बघत होतो, ते माझी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांबत गेली आणि दुसऱ्या कडव्यात गाणं चक्क उभं राहिलं, चिखलात बैलबंडी फसावी तसं. सुनेच्या बाळंतपणासाठी जंगलातल्या गावाहून आलेली एक आजी मागच्या बाकावरून म्हणाली, "झालं का?" सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"हे नाटक नोहे," त्या मला म्हणाल्या. "तू चाल, ते येतीन मांगून. तू थांबला तर मी गाऊ कशी?"

ते वाक्य मला लागलं. उरलेले दिवस मी कानांत कापूस घालून सराव केला, म्हणजे कुणाचा आवाज ऐकून थांबायचा मोहच नको.

नाताळच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. चर्चमध्ये कागदी चांदण्या, झेंडूच्या माळा. बाई तिसऱ्या बाकावर, पांढरी साडी नेसून, हातात गाण्याचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. मी कापूस काढला, देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. पहिलं कडवं झकास गेलं. डावा हात शहाण्यासारखा वागला, लोक मागून आले, माझी छाती फुगली.

दुसऱ्या कडव्याला मला बाईंचा आवाज ऐकू आला. जाड, थरथरता. वरच्या ओळीला तो तुटला. पुढच्या ओळीलाही. मी मान वळवून पाहिलं तर त्यांनी तोंड मिटलं होतं आणि त्या नुसत्या पुस्तकाकडे बघत होत्या. पांढरी चार त्यांचीच, इतक्या वर्षांची. पण आपला आवाज कुठवर जातो, हे बघायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

कडवं संपलं आणि मी सूर उतरवला, थेट पांढरी दोनवर. डावा हात मांडीवर पडला. उजव्या हाताने एकट्यानेच तिसरं कडवं उचललं. लोक अर्धी ओळ चाचपडले, मग खाली आले. आता मी थांबत थांबत, बाईंच्या श्वासाने चालत होतो, अगदी नाटकातल्यासारखा. बाई गायल्या. वरच्या ओळीसकट उरलेली दोन्ही कडवी गायल्या, मोठ्याने. आवाज गोड नव्हता. मला मात्र तो फार आवडला.

बाहेर उन्हात चहा आणि करंज्या चालल्या होत्या. बाई माझ्यापाशी आल्या.

"दोन कडवे डावा हात कुठी होता तुझा?"

"थंडीनं आखडला बाई."

"खोटं बोलून राह्यला. तेही नाताळात."

मग त्यांनी माझा कप बाजूला ठेवला, तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गरम होईपर्यंत चोळत बसल्या.